हरवलेला कर्नल आणि दोन बंदुकांची जागा

पीटर फ्लेमिंग यांच्या ‘ब्राझिलियन अ‍ॅडव्हेंचर’ या १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकाची सुरुवात एका छोट्या जाहिरातीने होते. १९३२ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये, लोकांचे खासगी निरोप ज्या रकान्यात छापले जात, त्या रकान्यात ती आली होती. मध्य ब्राझीलमधील नद्या धुंडाळण्यासाठी जूनमध्ये इंग्लंडहून एक मोहीम निघत आहे, जमल्यास कर्नल फॉसेट यांचे काय झाले याचा छडा लावायचा आहे, लहानमोठी शिकार भरपूर आहे, मासेमारी उत्तम आहे आणि आणखी दोन बंदुकांना जागा आहे, असा तिचा आशय होता. शिकाऱ्याला ‘बंदूक’ म्हणण्याची तिथली रीत असली, तरी मराठीत वाचताना हे शेवटचे वाक्य थोडे खुपतेच. सात वर्षांपूर्वी बेपत्ता झालेला माणूस या मजकुरात नद्या आणि शिकार यांच्या मधल्या सांदीत बसवलेला आहे आणि तोही ‘जमल्यास’ या शब्दाच्या आधाराने. या पुस्तकाबद्दल मला जे सांगायचे आहे ते बरेचसे याच शब्दाभोवती फिरते.

फ्लेमिंग तेव्हा २४ वर्षांचे होते. ईटन आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकाची साहित्याची बाजू सांभाळणारे आणि कचेरीच्या खुर्चीला कंटाळलेले. (जेम्स बाँडचे जनक इयान फ्लेमिंग हे त्यांचे धाकटे बंधू. पण १९३२ मध्ये बाँडचा पत्ता नव्हता आणि घरातला लेखक म्हणून नाव व्हायचे होते ते थोरल्याचेच.) त्यांनी जाहिरातीला उत्तर धाडले, ‘टाइम्स’कडून बातमीदाराची नेमणूक मिळवली आणि रॉजर पेटिवर्ड या आपल्या चित्रकार मित्रालाही बरोबर ओढले. मोहीम कोणाची, पैसा कोणाचा, प्रत्यक्ष जायचे कोणत्या वाटेने, या प्रश्नांना मिळालेली उत्तरे इतकी ढोबळ होती की शहाण्या माणसाने तिथूनच पाय मागे घेतला असता. फ्लेमिंग तो घेत नाहीत, आणि आपण तो का घेतला नाही याचे कोणतेही उदात्त कारणही देत नाहीत. मजा येईल असे वाटले, म्हणून गेलो, इतकेच ते सांगतात.

ज्यांच्या शोधात हे सारे निघाले, त्या पर्सी हॅरिसन फॉसेट यांची थोडी ओळख करून घेतल्याशिवाय पुस्तकातील विनोदाची धार कळत नाही. १८६७ चा जन्म, तरुणपणी सिलोनमध्ये तोफखान्यातील नोकरी आणि १९०६ पासून बोलिव्हियाच्या सीमेची मोजणी करत अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात घालवलेली वर्षे, असा हा गृहस्थ. ब्राझीलच्या माटो ग्रोसो प्रांतातील रानात एक प्राचीन नगर आहे, या कल्पनेने त्यांना झपाटले होते. त्या नगराला त्यांनी ‘झेड’ एवढेच नाव दिले होते. १९२५ च्या एप्रिलमध्ये ते कुयाबा या गावाहून निघाले. बरोबर थोरला मुलगा जॅक आणि जॅकचा मित्र रॅले रिमेल, दोघेही ऐन विशीतले. २९ मे १९२५ रोजी ‘डेड हॉर्स कॅम्प’ या मुक्कामावरून फॉसेट यांनी पत्नी नीना यांना शेवटचे पत्र पाठवले आणि अपयशाची मुळीच भीती बाळगू नकोस, असे त्यात लिहिले. त्यानंतर तिघांचाही काही पत्ता लागला नाही. १९२८ मध्ये जॉर्ज डायट यांनी शोधमोहीम नेली आणि तिघे मारले गेले असे अनुमान काढून ते परतले. पण अनुमान म्हणजे पुरावा नव्हे आणि नीनाबाईंना ते कधीच पटले नाही.

फ्लेमिंग यांची मंडळी १९३२ च्या जुलैमध्ये ब्राझीलला पोहोचली आणि ९ जुलैला साओ पावलो राज्याने केंद्र सरकारविरुद्ध बंड पुकारले. रेल्वे अडल्या, परवाने अडले, मंडळी शहरात अडकली. गेले एका कामाला आणि सापडले बंडाळीत, हे वाचताना मराठी वाचकाला आपले गोडसे भटजी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. ते यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेला गेले होते आणि १८५७ च्या वणव्यात सापडले होते. फरक असा, की भटजींच्या अंगावर झाशीचा वेढा आला, तर फ्लेमिंग यांच्या वाट्याला मुख्यतः कंटाळा आला. साओ पावलो शहराचे वर्णन ते एका वाक्यात उरकतात. ते रेडिंगसारखे आहे, फक्त बरेच लांब. रेडिंग म्हणजे लंडनजवळचे कारखान्यांचे गाव. हे वाक्य पुढे पुष्कळांनी उसने घेतले. रिओतील एका पुतळ्यावर विजयदेवता आणि स्वातंत्र्यदेवता यांची जणू कुस्तीच चालली आहे, असे समजून त्यांनी जे वर्णन केले आहे, ते मी मोठ्याने वाचून घरातल्यांना ऐकवले.

तिथून गोयाझ ही त्याच नावाच्या राज्याची जुनी राजधानी, मग आरागुआया नदीवरचे लिओपोल्दिना आणि मग होड्यांतून प्रवाहाबरोबर खाली. आरागुआयाचे दोन फाटे होतात आणि त्यांच्या मधोमध बनानाल हे जगातील सर्वांत मोठ्या नदीबेटांपैकी एक बेट पसरलेले आहे. त्या बेटाच्या बाजूने जात, पश्चिमेकडून येऊन मिळणाऱ्या तापिरापे नदीत शिरून, तिच्या वरच्या अंगाने शिंगू नदीच्या दिशेने जायचे, असा बेत होता, कारण फॉसेट यांचा माग शिंगूच्या मुलखात संपला होता. बेत किती सिद्धीस गेला हे सांगून मी कोणाचा रसभंग करत नाही, कारण लेखक ते स्वतःच आरंभी सांगून टाकतात. फॉसेट सापडले नाहीत, त्यांची खूणही सापडली नाही. मोहीम त्यांच्या मागाच्या फार जवळसुद्धा गेली नाही.

तरीही पुस्तक हातातून सुटत नाही, याचे श्रेय त्याच्या सुराला आहे. त्या काळी अ‍ॅमेझॉनवर लिहिणारे जवळजवळ सगळेच वाचकाला घाबरवायला बसलेले असत. पानोपानी अजगर, विषारी बाण, तापाने फणफणलेला नायक आणि रक्तपिपासू मासे. फ्लेमिंग प्रस्तावनेतच सांगतात, की हालअपेष्टांचा रंग जरा गडद फासावा असा आपलाही विचार होता, वाचकांची तशी अपेक्षा असते हेही ठाऊक होते, पण तो बेत सोडून द्यावा लागला. उन्हाळ्यातल्या गर्दीच्या दिवशी इंग्लंडमधल्या हमरस्त्यावर जेवढा धोका असतो, तेवढाही आपल्याला पत्करावा लागला नाही, असे ते लिहितात. आणि मग पुढची शेकडो पाने ते या शब्दाला जागतात. डास चावतात, पाय सोलवटतात, खाण्याचे हाल होतात, पण त्यातले काहीही वाचकाकडून सहानुभूती वसूल करण्यासाठी सांगितलेले नाही.

मंडळींनी आपसांत एक थट्टेची भाषाच तयार केली होती. प्रवासवर्णनांतले गुळगुळीत शब्द उचलायचे आणि ते क्षुल्लक गोष्टींना लावायचे. पाण्याला पाणी म्हणायचे नाही, ‘अमूल्य द्रव’ म्हणायचे. कुठे काही फट्कन वाजले, की ‘माउझर बंदुकीचा तो सुपरिचित आवाज’ म्हणून दचकून दाखवायचे. यात नुसता पोरकटपणा नाही. संकट खरोखरच समोर येते तेव्हा त्याचे वर्णन करायला याच थट्टेने जागा मोकळी करून ठेवलेली असते. पुस्तकाच्या उत्तरार्धात तापिरापेच्या वरच्या अंगाला मोजकीच माणसे उरतात, अन्न संपत आलेले असते आणि पावसाळा डोक्यावर येऊन ठेपलेला असतो. तिथे वाक्ये आपोआप आखूड आणि साधी होतात, विनोद मागे सरतो, आणि जो माणूस इतका वेळ ‘काही विशेष नव्हते’ म्हणत होता, त्याने हळूच ‘आता परत फिरलेले बरे’ म्हटले की आपल्याला ते लगेच पटते. आरडाओरडा करणाऱ्या लेखकावर असा विश्वास बसला नसता.

(हाच सत्यवचनी लेखक दुसऱ्या महायुद्धात दिल्लीत बसून जपानी सैन्याला खोट्या योजना आणि खोट्या बातम्या पुरवणाऱ्या विभागाचा प्रमुख होता. खरे कसे सांगावे हे ज्याला कळते त्यालाच खोटेही नीट रचता येत असावे.)

माझ्या मते पुस्तकाचा सर्वांत कसदार भाग मात्र रानातला नाही, तो भांडणाचा आहे. ब्राझीलमध्ये मोहिमेची सूत्रे ज्याच्या हाती होती, त्याला लेखकाने ‘मेजर पिंगल’ असे बनावट नाव दिले आहे. आपल्याकडच्या वाचकाला ते थेट पिंगळ्यांच्या घरातले वाटते, आणि एकदा तसे वाटले की पुढची पाने गंभीर चेहऱ्याने वाचता येत नाहीत. तर हे पिंगलसाहेब. तरुण मंडळींना वाटत होते, की आपण फॉसेट यांना शोधायला आलो आहोत. मेजरसाहेबांच्या मनात तसे काही नव्हते. नदीतून थोडे वर जायचे, थोडी शिकार करायची आणि पाहुण्यांना सुखरूप परत न्यायचे, एवढेच त्यांच्या लेखी ठरलेले होते. दोन्ही पक्ष आठवडेच्या आठवडे एकाच होडीतून जातात, एकाच भांड्यातले जेवतात आणि तरी ‘आपण कशासाठी आलो आहोत’ हा एक प्रश्न सरळ विचारत नाहीत. प्रश्न अखेर विचारला जातो तेव्हा ‘जमल्यास’ या शब्दाचा खरा अर्थ बाहेर पडतो.

हे सगळे फ्लेमिंग ज्या बारकाईने टिपतात तिला तोड नाही. मेजर कधी नुसते खलनायक होत नाहीत. त्यांचे टाळाटाळ करणे, गोष्ट अर्धवट सांगून सोडून देणे, अडचणीचा विषय निघाला की दुसराच काढणे, हे ज्याने ज्याने सहकारी गृहरचना संस्थेची एक तरी वार्षिक सभा पाहिली आहे, त्याला नवीन नाही. अखेर मोहीम फुटते. पैशाच्या नाड्या मेजरसाहेबांच्या हाती, आणि समुद्रकिनारा सुमारे हजार मैल दूर. मग आरागुआयावरून बेलेंपर्यंत, दोन गटांत, एकमेकांच्या आधी पोहोचण्याची शर्यत लागते. बेलेंला लेखक त्या वेळच्या रीतीप्रमाणे ‘पारा’ म्हणतात. ज्या मोहिमेचा उद्देश एका हरवलेल्या माणसाला गाठणे हा होता, तिचा शेवट स्वतःच्याच म्होरक्याला गाठू न देण्यात व्हावा, ही गंमत लेखकाने अधोरेखित केलेली नाही, पण ती पूर्ण जाणून लिहिलेली आहे. शर्यत कोणी जिंकली, एवढे मात्र मी सांगत नाही.

फॉसेट यांच्याबद्दलचा मजकूर त्या मानाने थोडा आहे, पण जेवढा आहे तेवढा नेटका आहे. या विषयाभोवती इतक्या दंतकथा साचल्या आहेत की लोककथांची एक स्वतंत्र शाखाच तयार व्हावी, अशी लेखकाची तक्रार आहे. १९३२ मध्येच स्टीफन रॅटिन नावाचा एक स्विस फासेपारधी रानातून बाहेर आला होता. आदिवासींच्या कैदेत आपल्याला एक दाढीवाला वृद्ध गोरा माणूस भेटला आणि त्याने मदतीसाठी निरोप दिला, अशी जबानी त्याने दिली होती. फ्लेमिंग ती जबानी उडवून लावत नाहीत आणि डोक्यावरही घेत नाहीत. एखादा चांगला वकील जशी साक्ष उलटसुलट करून पाहील तशी ते ती पाहतात. रॅटिन स्वतः पुन्हा त्या रानात शिरला आणि परत आला नाही. लेखकाचा निष्कर्ष असा, की फॉसेट १९२५ मध्येच गेले असावेत. पुढच्या घडामोडींनी त्याला बाध आणलेला नाही. १९५१ मध्ये ब्राझिलियन संशोधक-प्रवासी ऑर्लांदो व्हिलास-बोआस यांनी आणलेली हाडे तपासणीत फॉसेट यांची नाहीत असे ठरले. शिंगूच्या मुलखातल्या कालापालो या आदिवासी लोकांत चालत आलेली हकीकत अशी आहे, की ते तिघे पूर्वेकडे निघून गेले, काही दिवस त्यांच्या शेकोटीचा धूर रानावर दिसत राहिला आणि मग दिसेनासा झाला.

आता तक्रारी. पहिली मोठी आहे आणि ती मला पुस्तक मिटवल्यानंतरच नीट कळली. जाहिरातीत नाव फक्त कर्नलचे होते. त्याच्याबरोबर नाहीशी झालेली ती दोन पोरे तिच्यात नव्हती आणि पुस्तकातही त्यांच्यासाठी फारशी जागा नाही. नीनाबाई कुठेतरी पत्राची वाट पाहत आहेत, रॅलेचीही कोणी माणसे असतील, याची जाणीव विनोदाच्या ओघात वाहून जाते. मृत्यूची चेष्टा लेखक कुठेही करत नाहीत, हे खरे. पण ज्यांना ‘जमल्यास’ म्हणण्याची मुभा नव्हती त्यांच्या बाजूने या गोष्टीकडे एकदाही पाहावे असे त्यांना वाटत नाही. नीनाबाई १९५४ पर्यंत जगल्या. हे पुस्तक त्यांनी वाचले असेल का, हा विचार माझ्या मनातून गेला नाही.

दुसरी तक्रार आदिवासींच्या आणि ब्राझिलियन नावाड्यांच्या चित्रणाची. साम्राज्याच्या काळातल्या, सुखवस्तू घरातल्या इंग्रज तरुणाच्या नजरेतून आपण सगळे पाहत आहोत, हे विसरता येत नाही. फ्लेमिंग त्या काळच्या मानाने बरेच समंजस आहेत, स्वतःची फजिती ते इतरांच्या फजितीपेक्षा जास्त रंगवतात आणि वाटाड्यांच्या कौशल्याला दादही देतात. तरीही वल्ही मारणारी, ओझी वाहणारी माणसे पुष्कळदा हशा पिकवण्यापुरतीच समोर येतात. तापिरापे नदीकाठच्या तापिरापे लोकांची या प्रवासात भेट होते आणि प्रसंग हलकाफुलका होऊन संपतो. अवघ्या सात वर्षांनी, १९३९ मध्ये, मानववंशशास्त्रज्ञ चार्ल्स वॅग्ली त्याच लोकांत राहायला गेले, तेव्हा बाहेरून आलेल्या साथींनी त्यांची संख्या दोनशेच्या आत आणली होती. हे ठाऊक असेल तर ती पाने पूर्वीसारखी हलकी राहत नाहीत. लेखकाला पुढचे दिसणे शक्य नव्हते, त्यामुळे हा दोष त्यांच्या माथी मारत नाही, पण वाचकाने एवढे जाणून वाचावे. नदीत दिसेल त्या सुसरीवर बार काढण्याचा जो उत्साह या मंडळींना आहे, तोही आज कोणाला रुचणार नाही. मी ती पाने भराभर उलटली.

भाषेबद्दल एक इशारा. हे इंग्रजी सोपे नाही. शब्द अवघड असल्यामुळे नव्हे, तर विनोद बहुतेक वेळा न बोललेल्या अर्ध्या वाक्यात दडलेला असल्यामुळे. इंग्रजी कादंबऱ्या सहज वाचणाऱ्यालाही पहिल्या पन्नास पानांत एखादे वाक्य दोनदा वाचावे लागेल. इंग्लंडहून निघण्याच्या तयारीची प्रकरणे थोडी लांबली आहेत, नमनाला घडाभर तेल झाले आहे. कंटाळा आला तर सरळ लिओपोल्दिनाला होडीत पाय ठेवावा आणि मागचे नंतर सवडीने वाचावे. बिघडत काही नाही.

प्रतीविषयीही सांगायला हवे, कारण माझे पहिले दीडेकशे रुपये नव्हे, चांगले पाचशे रुपये वाया गेले. मागणीप्रमाणे छापून देणाऱ्या एका प्रकाशकाची प्रत मी घरपोच मागवली. कागद पांढराशुभ्र आणि बांधणी घट्ट, पण नकाशा झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखा, नदी कुठली आणि कागदाची सुरकुती कुठली हे कळू नये असा. ओळींच्या शेवटी तुटलेले शब्द ओळींच्या मध्ये येऊन बसलेले. शेवटी पदपथावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे एक पिवळी पडलेली पेपरबॅक प्रत मिळाली आणि तीच वाचली. नकाशाशिवाय हे पुस्तक वाचू नये, इतके ते नदीच्या वळणांवर अवलंबून आहे. फोनवरचा नकाशा उघडून बसणार असाल तर एक अडचण येते. पुस्तकातील काही नावे आता बदलली आहेत. लिओपोल्दिना शोधू नका, ते गाव आज अरुआना या नावाने सापडेल. लेखकाने पाहिलेली गोयाझची राजधानीही पुढे राजधानी राहिली नाही. पुस्तक छापले गेले त्याच वर्षी गोइयानिया या नव्या शहराचा पाया घातला गेला आणि १९३७ मध्ये कारभार तिकडे गेला.

प्रवासात लेखकाला ज्याची सर्वांत चांगली सोबत झाली, त्या रॉजर पेटिवर्डविषयी पुस्तकाबाहेरची एक गोष्ट. हा उंच, शांत चित्रकार पुढे ‘पॉल क्रम’ या नावाने ‘पंच’ साप्ताहिकात व्यंगचित्रे काढू लागला. पाण्यात डुंबणाऱ्या दोन पाणघोड्यांपैकी एक दुसऱ्याला ‘मला सारखे वाटते आहे की आज मंगळवार आहे’ असे म्हणतो, ते प्रसिद्ध चित्र त्याचेच आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील दिएप्प या बंदरावर दोस्त सैन्याने घातलेल्या छाप्यात तो मारला गेला. तापिरापेच्या काठी अन्न संपत आलेले असताना हे दोघे मित्र दिवसचे दिवस चिखलातून चालतात ती प्रकरणे मी हे कळल्यावर पुन्हा वाचली. चित्र काढण्याच्या कितीतरी वर्षे आधी, आज कोणता वार आहे हे दोघांनाही ठाऊक नसावे असा तो मुलूख आहे.